बाहेरगावच्या बायोडाट्यावरचा नंबर

१

"काकू, ह्यातला माझा नंबर वाचा."

महेजबीननं मोबाईल काउंटरवर ठेवला आणि ती दोन पावलं मागं सरून उभी राहिली. सकाळचे साडेनऊ झाले होते. सोलापुरातल्या भवानी पेठेतले यंत्रमाग केव्हाच सुरू झाले होते आणि श्रीदेवीच्या दुकानातली काचेची तावदानं त्या खडखडाटानं थरथरत होती.

श्रीदेवीनं चष्मा लावला. पडद्यावर तिनंच केलेला बायोडाटा होता. वर नाव, महेजबीन इसूफ. खाली टेक्स्टाईलचा डिप्लोमा, टॉवेलच्या कारखान्यातल्या लॅबची सात वर्षं, कापडाचं वजन, रंगाचा पक्केपणा, पाणी शोषण्याची चाचणी.

श्रीदेवी आधी वीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडल्यावर तिनं टायपिंग-झेरॉक्सचं हे दुकान टाकलं. पण पेठेत तिचं नाव झालं ते बायोडाट्यांमुळं. एकच कागद दहा कंपन्यांना पाठवायला ती कधीच तयार नसे. कंपनी काय बनवते, जाहिरातीत काय मागितलंय, हे आधी विचारायची. मग त्या कंपनीला जे हवं ते वर घ्यायची, नको ते काढून टाकायची. महेजबीनसाठी दीड वर्षात तिनं असे सात बायोडाटा केले होते.

हा पुण्याच्या कंपनीचा होता. ती कंपनी दवाखान्यांना लागणारं कापड बनवायची. म्हणून श्रीदेवीनं जंतुनाशकात धुतलेल्या कापडाच्या चाचण्या सगळ्यांत वर घेतल्या होत्या.

"वाचला का नंबर?"

श्रीदेवीनं वाचला आणि तिचं बोट थांबलं. "हा तुझा नाही."

"न्हायच की." महेजबीन म्हणाली. "काल कारखान्यात पुण्याच्या मॅडम आल्या होत्या, माल बघायला. उत्कर्षा मॅडम. तिथल्या लॅबच्या प्रमुख आहेत त्या. माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, अहो, तुम्ही त्याच ना? आम्ही दोनदा फोन केला आणि तुम्ही दोनदा नाही म्हणालात. तुमचा बायोडाटा आमच्यासाठीच लिहिल्यासारखा होता, म्हणून तर दुसऱ्यांदा केला."

"मग आता?"

"जागा मार्चमध्ये भरली. मला गेल्या महिन्यात तीस पूर्ण झाली. त्यांची अट तिसाच्या आतली."

श्रीदेवीच्या हातून कुणाच्या पोटावर पाय यावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"हा नंबर कुणाचा आहे, ते तरी कळलं का?"

महेजबीननं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"अम्मीचा," ती म्हणाली.

२

महेजबीनची अम्मी, अजीजा, डिसेंबरात वारली होती. किडन्या गेल्या होत्या, पण घरात सगळे नुसती शुगर म्हणत राहिले. महेजबीनला खरं कळलं ते शेवटच्या आठवड्यात.

श्रीदेवीनं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि कॉम्प्युटरवर सातही बायोडाटा उघडले. प्रत्येकाचा नंबर तिनं एका कागदावर उतरवून काढला. सोलापुरातल्या तीन कंपन्यांच्या बायोडाट्यावर महेजबीनचा नंबर होता. पुणे, भिवंडी, नाशिक आणि वापी, ह्या चारांवर अजीजाचा.

"टायपिंगची चूक असती तर कुठंही पडली असती," श्रीदेवी म्हणाली. "ही बरोबर बाहेरगावच्याच कागदांवर पडलीय. कुणीतरी विचार करून केलंय."

"मला दिसलं कसं न्हाय, काकू? कंपनीच्या साईटवर मीच टाकले की सगळे."

"स्वतःचा नंबर कुणी वाचत नाही. नजर त्यावरून नुसती जाते. छापखान्यात लेखक स्वतःच्या नावातली चूक सोडून द्यायचे."

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. ती नंबर लिहिताना पाच आकड्यांनंतर मोकळी जागा सोडायची. तिच्या हाताला ती सवयच होती. सोलापूरच्या तिन्ही कागदांवर तशी जागा होती. बाहेरगावच्या चारांवर दहा आकडे एकमेकांना चिकटून बसले होते. म्हणजे टाईप करणारा हात तिचा नव्हता.

तिनं अजीजाचा नंबर लावून पाहिला. बंद होता.

"फोन अम्मीच्या कपाटात पडलाय," महेजबीन म्हणाली. "अम्मी गेल्यापासून कुणी चार्जसुद्धा केला न्हाय."

"पुण्याचे फोन कधी आले होते?"

महेजबीननं उत्कर्षाला फोन लावून आवाज मोठा केला. उत्कर्षा मूळची कुर्डुवाडीची होती. आपल्याच भागातली पोरगी अशी मागं राहिली, ह्याचं तिलाही वाईट वाटत होतं. तिनं ऑफिसची नोंद काढली.

"पहिला नऊ ऑक्टोबरला. दुसरा चौदा फेब्रुवारीला, सकाळी अकरा वीसला. उचलला होता, दोन मिनिटं बोलणं झालंय."

श्रीदेवीनं तारीख कागदावर उतरवून घेतली. फेब्रुवारीत अजीजाला जाऊन दोन महिने झाले होते.

"कोण बोललं, ते लिहिलंय का?" श्रीदेवीनं विचारलं.

"फोन करणारी मुलगी आता कंपनीत नाही. तिनं इंग्रजीत एवढंच लिहून ठेवलंय, 'अप्पा नॉट इंटरेस्टेड.' दोन्ही वेळा तेच. वडील असतील ना तुमचे? आमच्याकडं वडलांना अप्पाच म्हणतात."

"आम्ही अब्बा म्हणतो," महेजबीन हळूच म्हणाली.

फोन बंद झाला. महेजबीनची नजर कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर गेली. ती खुर्ची मल्लिनाथची होती. श्रीदेवीचा नवरा. आणि लहानथोर सगळी पेठ त्याला एकाच नावानं हाक मारायची. अप्पा.

३

मल्लिनाथ दुपारी एक वाजता आला. रोज यायचा. श्रीदेवी घरी जेवायला जायची आणि अडीचपर्यंत तो दुकान सांभाळायचा.

त्या दिवशी ती गेली नाही. चारही फाईली कोणत्या वेळी शेवटच्या बदलल्या, ते तिनं तपासून ठेवलं होतं. सव्वा एक. दोन. पावणेदोन. पुन्हा दोन.

तिला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. मल्लिनाथ आणि महेजबीनचे वडील इसूफ जुने दोस्त. इसूफ सुताच्या गाठी वाहणारा टेम्पो चालवायचा. तीन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून मल्लिनाथ रोज सकाळी अकराला त्याच्याकडं जाऊन पेपर वाचून दाखवायचा. म्हणजे अकरा वीसला तो त्याच घरात असायचा. आणि गेल्या दिवाळीत तो म्हणाला होता, पोरगी पुण्याला गेली तर इसूफला उठवणार कोण, बसवणार कोण?

तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची उलटतपासणी घेण्याची पाळी तिच्यावर आली नव्हती. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"महेजबीनच्या फाईलीत नंबर तुम्ही बदलला?"

"व्हय," तो सहज म्हणाला. "भाभी आल्या होत्या की."

"कोण, अजीजाभाभी?"

"त्याच. म्हणाल्या, लेकीचा फोन कारखान्यात कपाटात ठेवून घेतात, संध्याकाळी हातात देतात. हितल्या कंपन्यावाले माणूस पाठवून निरोप देतील, बाहेरगावचा फोन चुकला तर चुकलाच. तवा बाहेरगावच्या कागदावर माझा नंबर टाका. नवा कागद झाला की येऊन सांगायच्या."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनीच नको म्हणलं. महेजबीनला कळलं तर ती म्हणंल, अम्मी, तुला ऐकूच येत न्हाय, तू काय फोन घेणार? आणि तुला सांगितलं असतं तर तू चिडली असतीस, माझ्या फाईलीला हात का लावला म्हणून." तो हसला. मग बायकोच्या चेहऱ्याकडं बघून त्याचं हसू गेलं. "का गं? काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं. पुण्याचे दोन फोन, दोन नकार, नोंदीतलं नाव. शेवटी तिनं विचारलंच.

"फेब्रुवारीत तो फोन तुम्ही उचलला होता का?"

मल्लिनाथनं तांब्या बाजूला सारला.

"तुला मी असा वाटलो?"

त्यानं चपला घातल्या आणि भर उन्हात, न जेवता, तो दुकानातून निघून गेला.

४

श्रीदेवीनं त्या दुपारी एकही काम केलं नाही. उत्कर्षाला सांगून तिनं नोंदीचा फोटो मागवून घेतला. फोटो आला तसा तिनं तो मोठा केला आणि छापखान्यात बघायची तसा बघितला. एकेक अक्षर, सुटं सुटं.

ए, पी, ए. तीनच अक्षरं. त्यापुढं 'नॉट इंटरेस्टेड'.

उत्कर्षानं ते 'अप्पा' असं वाचलं, कारण तिच्या घरात तो शब्द होता. श्रीदेवीच्याही घरात होता, म्हणून तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. पण मुद्रितं तपासताना तिला पहिला धडा मिळाला होता तो हाच की, कानानं वाचायचं नाही. इथं 'पी' एकच होता. आणि वाक्यात कोण बोललं हे कुठं लिहिलं होतं? कुणाला नोकरी नको आहे, तेवढंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच ती इसूफच्या घरी गेली. मल्लिनाथ आला नव्हता. दोन खोल्यांचं घर. इसूफ खाटेवर उशीला टेकून बसला होता. त्याची धाकटी मुलगी अनिसा त्याला चमच्यानं शिरा भरवत होती. अनिसा एकोणीस वर्षांची, दुपारच्या कॉलेजला बी.कॉम. करत होती.

"या की काकू, बसा. आपा कामावर गेलीय."

श्रीदेवी बसली. रात्रभर तिच्या मनात घोळत असलेला 'आपा' हा शब्द अनिसा किती सहज बोलून गेली होती.

"इसूफभाई, बरं आहे ना?"

इसूफनं डावा हात उचलला. बोलायचा प्रयत्न केला, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. ह्या माणसानं परक्याशी फोनवर दोन मिनिटं बोलणं शक्य नव्हतं. अजीजा तर ऑक्टोबरात होती, पण तिला ऐकू येत नव्हतं आणि फेब्रुवारीत ती नव्हतीच. मल्लिनाथ ह्या घरात असायचा, पण तो महेजबीनला नावानंच हाक मारायचा. मोठ्या बहिणीला आपा म्हणणारं ह्या घरात एकच माणूस होतं.

अनिसानं वडलांचं तोंड पुसलं, वाटी मोरीत ठेवली.

"अनिसा," श्रीदेवी म्हणाली, "पुण्याहून फोन आला, तेव्हा तू काय म्हणालीस?"

मोरीत नळ चालू होता. तो तसाच चालू राहिला.

५

"आपांना आता नोकरी नको, असं म्हणलं," अनिसा म्हणाली. तिनं नळ बंद केला आणि तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसली. "दोन्ही वेळा."

श्रीदेवीला वाटलं होतं, पोरगी नाकारेल, रडेल. पण अनिसा अशी बोलत होती की कुणीतरी विचारायचीच वाट बघत असावी.

"अम्मीचा रिपोर्ट मी वाचला होता, काकू. ऑगस्टमध्ये. आपा कामावर होती म्हणून डॉक्टरांकडं मी गेले. त्यांनी मलाच सांगितलं, फार दिवस न्हाईत म्हणून. घरी येताना रिक्षात अम्मीनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली. आपाला सांगायचं न्हाय. आपाला कळलं तर ती अर्ज करायचं सोडंल, माझ्यापायी हितंच बसंल."

"आणि तू कुणालाच बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? अब्बांना?" तिनं खाटेकडं बघितलं. इसूफनं डोळे मिटून घेतले होते. "मग ऑक्टोबरात तो फोन आला. अम्मीनं उचलला, ऐकू येईना म्हणून माझ्याकडं दिला. ते म्हणाले, सोमवारी मुलाखतीला या. माझ्या मनात एवढंच आलं की आपा गेली तर अम्मी माझ्या एकटीच्या हातात मरंल. मला भीती वाटली, काकू. तोंडातून निघून गेलं. ठरवून न्हाय."

"फेब्रुवारीत तर अम्मी नव्हती."

"अम्मीच्या माहेरचे फोन यायचे त्याच्यावर, म्हणून मी चार्ज ठेवला होता. अप्पा अब्बांना पेपर वाचून दाखवत होते, म्हणून मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. तेच लोक पुन्हा. म्हणाले, मागं तुमच्या घरून नकार आला होता, आता तरी येणार का? मी हो म्हणाले असते तर आपानं विचारलं असतं, मागचा नकार कुणी दिला? ऑक्टोबरातच खरं सांगितलं असतं तर अम्मीसाठी केलं असं म्हणता आलं असतं. आता काय सांगणार होते? पुन्हा न्हाय म्हणाले आणि फोन बंद करून टाकला. तवापासून बंदच आहे."

बाहेर दार वाजलं नाही, पण उंबऱ्यात सावली पडली. मल्लिनाथ पेपर घेऊन आला होता. त्यानं किती ऐकलं, कुणास ठाऊक. तो आत आला, श्रीदेवीकडं न बघता खाटेजवळच्या स्टुलावर बसला आणि इसूफचा डावा हात त्यानं आपल्या हातात घेतला. पेपर त्यानं उघडलाच नाही.

श्रीदेवी उठली. "हे तू सांगायचं. मी नाही सांगणार. आज संध्याकाळी तिला दुकानात बोलावते. तिथं कुणी नसेल."

अनिसानं मान हलवली.

६

संध्याकाळी महेजबीन कारखान्यातून थेट दुकानात आली. श्रीदेवी बाहेर पायरीवर बसली. आतलं बोलणं ऐकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण माग थांबले होते आणि पेठ कधी नव्हे ती शांत होती.

अनिसा सगळं बोलली. काही लपवलं नाही. महेजबीननं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

मग महेजबीननं एकच प्रश्न विचारला.

"फोन ठेवल्यावर अम्मी काय म्हणाली?"

अनिसा बोलेना.

"काय म्हणाली ती?"

"खुणेनं विचारलं. आपासाठी हाय का म्हणून."

"आणि तू?"

"मी न्हाय म्हणून मान हलवली. क्रेडिट कार्डवाले होते म्हणाले."

"नंतर कधी विचारलं तिनं?"

"रोज," अनिसा म्हणाली. "दवाखान्यात नेईपर्यंत रोज विचारायची. फोन दाखवायची आणि बोट वर करायची, आला का म्हणून."

महेजबीन उठली तेव्हा खुर्ची मागं पडली. ती बाहेर आली, श्रीदेवीच्या शेजारून पायऱ्या उतरली आणि घराच्या उलट्या दिशेनं चालत गेली. तिला हाक मारायची हिंमत श्रीदेवीला झाली नाही.

तीन आठवडे ती दुकानाकडं फिरकली नाही. मल्लिनाथ मात्र पाचव्या दिवशी आला, दुपारी एकच्या ठोक्याला. श्रीदेवी म्हणाली, "माझं चुकलं." तो म्हणाला, "असू दे." पण त्यानंतर त्यानं कॉम्प्युटरला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं तर, बाई येऊ द्या, एवढंच सांगायचा.

जूनच्या सुरुवातीला महेजबीन एक जाहिरात घेऊन आली. इचलकरंजीतला कारखाना, शर्टाचं कापड बनवणारा. पगार इथल्यापेक्षा थोडासाच जास्त. पुण्यासारखी लॅब नव्हती. श्रीदेवीनं जाहिरात दोनदा वाचली. टॉवेलच्या चाचण्या खाली घेतल्या, धाग्याची ताकद आणि कापडाच्या आटण्याच्या चाचण्या वर आणल्या. नंबर महेजबीननं स्वतः टाईप केला.

"तिच्याशी बोलतीस का?" श्रीदेवीनं विचारलं.

"एकाच घरात राहतो आम्ही, काकू. बोलावं लागतंच की. भाजी काय आणू, पाणी आलं का." ती थांबली. "तिनं माझी नोकरी घालवली, त्याचं मला काही वाटत न्हाय आता. खरंच. पण अम्मी वाट बघत गेली. तिला वाटलं असंल, माझ्या लेकीला कुणी विचारलंच न्हाय. ते मी कसं विसरू?"

अनिसा तेव्हा अठराची होती आणि आई वाचणार नाही ही बातमी एकटीनं चार महिने उरात घेऊन हिंडत होती, हे श्रीदेवीच्या ओठांवर आलं होतं. पण महेजबीनलाही ते कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिला ओरडता येत नव्हतं.

इचलकरंजीहून आठ दिवसांत फोन आला. तो महेजबीननं स्वतः उचलला.

निघायच्या सकाळी श्रीदेवी बसस्टँडवर गेली. मल्लिनाथ इसूफजवळ बसला होता. अनिसा बहिणीची मोठी बॅग दोन्ही हातांनी उचलून आणत होती. महेजबीननं ती घ्यायला हात पुढं केला नाही आणि नकोही म्हटलं नाही. अनिसानं बसमध्ये चढून बॅग वरच्या फळीवर नीट बसवली, पाण्याची बाटली सीटवर ठेवली आणि खाली उतरून ती खिडकीखाली उभी राहिली.

कंडक्टरनं घंटी दिली. महेजबीन समोर बघत होती. बस हलायला लागली तशी तिनं मान वळवली.

"अब्बांची गोळी नऊ वाजता," ती म्हणाली. "जेवल्यावर द्यायची, आधी न्हाय. आणि रात्री कूस बदलायची दोनदा. विसरू नको."

बस फाटकातून वळली, रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. श्रीदेवीनं अनिसाच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी रडत नव्हती. ती अजून रिकाम्या रस्त्याकडं बघून मान हलवत होती, व्हय, व्हय म्हणून.